लुटीतली राणी

कुडाळच्या एसटी स्टँडवर सुगंधा नवऱ्याबरोबर मसुऱ्याच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोन दशावतारी नट भांडत होते. एक राजा व्हायचा, दुसरा लुगडं नेसून राणी.

“काल तू माका खरोखरच केसांका धरून वढलंस. केसांचो टोप तुझ्या हातात इलो!”

“लोकांनी टाळये मारल्यानी मरे.”

“बायलांनी नाय मारल्यानी. मी बघलंय.”

“राजा हरलो काय त्येची राणी जिकलेल्याची. नाटक तसाच आसा.”

“मगे आज मी भर दरबारात इचारतलंय. ‘महाराज, युद्ध तुम्ही दोघांनी केलंत. मग लूट मी कशी?’”

“ह्या खंय ठरला?”

“आमचे संवाद कधी ठरतत? उभ्या उभ्या सुचात ता बोलूचा.”

“आणि माका जबाब नाय सुचलो तर? भरल्या जत्रेत?”

“राजा तू आसस.”

“इचारू नको रे. पाया पडतंय.”

“तू वढू नको.”

“नाय वढलंय तर लोक म्हणतले, राजा बायलो!”

गाडी लागली. नवऱ्याने सुगंधाचं मनगट धरून तिला उठवलं.

“चल गो, मगे बसाक जागा गावाची नाय.”

“हात सोडा,” ती म्हणाली आणि मागे वळली.

“राणीनू, आजचा नाटक खंय आसा?”