मुठीचा डबा

—तिथं नको टेकवूस ते पोतं. दारात पण नको. पाठीवरची टोपली उतरवूसुद्धा नकोस, थानपारी, तशीच वळ आणि चालू लाग. काय? चढ चढून दम लागला? लागू दे. मी बोलावलं होतं का? नव्हतं ना? अख्ख्या मिझोरामात दारात आलेल्या बाईला चहा न विचारणारी मी एकटीच असेन, तर असू दे. गूळ संपलाय म्हणून नाही हं, गूळ आहे, कुठंतरी ठेवलाय — मला विचारायचाच नाहीये.

रविवारी काय केलंत तुम्ही? भर चर्चमध्ये नाव वाचलंत माझं. नाताळ आला, मंडळीकडून गरिबांना तांदूळ — आणि त्यात तिसरं नाव, वर थोरामोठ्या बाईला लावायचं मानाचं ‘पी’ लावून — पी थांगझुआली! मी तिथंच बसले होते, दुसऱ्या बाकावर, नवी पुआन नेसून. सगळ्यांच्या माना वळल्या. पास्टरनी वाचलं, पास्टरना कशाला बोल लावू, यादी बायकांनी केली आणि बायकांची पुढारी आता तू. एकोणीस वर्षं त्या जागेवर मी होते, तेव्हा तू नाक पुसायला शिकत होतीस. ह्या वस्तीतली एकेक पायरी चढून, घराघरातून मुठीचा तांदूळ मी गोळा केलाय. कोण बाई चांगला तांदूळ स्वतःच्या हंडीत घालते आणि कणी देवाच्या डब्यात टाकते, ते मला डब्याचं झाकण उघडताक्षणी कळायचं. तोंडावर सांगायचे. भ्यायच्या बायका मला. आणि मला गरीब म्हणताय?

उभी काय राहिलीस? बरं, बस. बस म्हटलं म्हणजे पोतं घेतलं असं नाही. पायाला विश्रांती दे आणि जा.

चुलीकडे काय बघतेस सारखी? आठ वाजले तरी चूल पेटली नाही, हेच ना? उशिरा उठले. म्हातारं माणूस उशिरा उठतं, त्यात काय एवढं? आणि भूकच नसते हल्ली. एकटीला किती लागतं? माविया ऐझॉलहून पाठवतो की — पाठवतो म्हणजे पाठवेल, त्याची गाडी दुरुस्तीला आहे, दोन महिने झाले. पोरगा वाईट नाही माझा. त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

हो, तीन शनिवार डबा बाहेर ठेवला नाही. मुठीचा तांदूळ न्यायला येणाऱ्या तुझ्या त्या पोरींना सांगितलं ना मी, उंदीर लागले म्हणून? मग? तेवढ्यावरून तुम्ही बसून ठरवलंत, म्हातारी उपाशी आहे? पन्नास वर्षं, लग्न होऊन ह्या घरात पाऊल टाकलं त्या दिवसापासून, दोन्ही वेळा, हंडीत तांदूळ घालायच्या आधी एक मूठ देवाची — एक दिवस चुकला नाही. नवरा गेला त्या दिवशी शेजारणी भात शिजवायला आल्या, तेव्हा मी रडता रडता उठून मूठ काढली. विचार कुणालाही. ज्याच्या घरात भात शिजतो त्याच्याकडे द्यायला एक मूठ असतेच, हे बायकांना मीच सांगायचे. किती मोठ्यानं सांगायचे! आणि आता उंदीर म्हटलं की तुम्हाला पटत नाही.

मला कळतंय तू का आलीस. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, दहा जणी आहेत. स्वतः आलीस, पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन. आईचा सूड उगवायचाय. नाही म्हणू नकोस! मान काय हलवतेस? तू तेव्हा सहा-सात वर्षांची असशील, दाराशी उभी होतीस, आईची पुआन मुठीत धरून, मला नीट आठवतंय. तुझे वडील झाडावरून पडून गेले त्या वर्षी. नाताळ होता. पोतं घेऊन मी आले होते तुमच्याकडे, मागं चार बायका, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत, की रोकिमीकडे निघालोय, बिचारीकडं काही नाही हो. आणि तुझ्या आईनं काय केलं? पोतं सोडलं, त्यातली मूठ घेतली आणि माझ्यासमोर स्वतःच्या देवाच्या डब्यात टाकली. मी हसले. आमचाच तांदूळ आम्हालाच देतेस का गं, म्हटलं. मागच्या चौघी पण हसल्या. मग गावभर झालं ते. विहिरीवर, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर — आमचाच तांदूळ आम्हाला! वर्षभर चाललं. तुझी आई किती सुरेल गायची, पुढच्या रांगेत उभी राहून गायची. त्यानंतर मागं दाराजवळ बसायला लागली. गाताना ओठ हलायचे नुसते. मी बघत होते. सगळं बघत होते आणि एकदाही जाऊन म्हटलं नाही, की रोकिमी, चुकलं माझं. आता कुणाला म्हणू? दोन पावसाळे झाले तिला जाऊन.

—ए! त्या डब्याला हात लावू नकोस! ठेव खाली. झाकण उघडू नकोस, थानपारी, तुझ्या पाया पडते—

बघितलंस? झालं समाधान? एक दाणा नाही. उंदीर नाहीत गं. कुठले उंदीर, उंदरांनी तरी ह्या घरात काय बघून यायचं? सकाळी मूठ टाकायची मी. नेमानं, प्रार्थना करून. आणि संध्याकाळी तीच मूठ बाहेर काढून शिजवायची. देवाला दिलेलं, त्याच दिवशी परत. पहिल्या दिवशी वाटलं आता आभाळ कोसळेल. काही झालं नाही, भात शिजला. पेज केली आणि प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ टाकली, पुन्हा काढली. मग सकाळी टाकायलाच काही उरलं नाही. परवापासून. आता बोल. आता जाऊन सांग त्या यादीवाल्यांना, एकोणीस वर्षं आपल्याला शिकवणारी बाई देवाच्या डब्यातलं चोरून खाते.

डोळे कशाला पुसतेस? तू रडायचं नाही माझ्या घरात. मी नाही रडत, तू कोण रडणारी? आणि पोतं असं आत सरकवू नकोस, मी अजून हो म्हटलेलं नाही.

आण इकडे. गाठ मीच सोडते. सुटली. नवा तांदूळ आहे. वास येतोय. कणी नाही फार. ही बघ, ही एक मूठ — डबा पुढं कर. कर पुढं! पडली. दाणा बाहेर सांडलेला नाही, बघून घे. आता हा डबा तुझ्या टोपलीत रिकामा कर आणि चर्चमध्ये ने. थांगझुआलीच्या घरून मूठ आली म्हणून सांग.

आता हस. तुझाच तांदूळ तुला देतेय मी, आमचाच तांदूळ आम्हाला — हस ना! तुझ्या आईच्या दारात मी हसले होते, तसं हस, म्हणजे फिटेल. हस की गं पोरी, एकदा तरी...

नाही हसत?

जा मग. दार लोटून घे जाताना. मला चूल पेटवायचीय.