केळ्यांचा ब्रेक

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी बसमध्ये पुस्तक उघडलं, तेवढ्यात पुढच्या सीटवरचं जोडपं बोलायला लागलं. बाईंनी पुस्तक मिटलं.

"अहो, मनगट सोडा माझं. घड्याळ रुततंय."

"पुढच्या थांब्यावर उतरू या."

"आणि शेवटच्या थांब्यावर नात वाट बघतेय, तिला काय सांगू?"

"त्या ट्रकनं माझ्या बसला धडक दिली, त्यानंतर आज पहिल्यांदा पायरी चढलो. तेवढं पुरे नाही का?"

"जन्मभर बस चालवलीत. आज नुसतं बसायचंय."

"चालवणं सोपं गं. बसणंच अवघड."

"आणि पायानं काय दाबताय?"

"ब्रेक."

"ती माझी पिशवी आहे. आत केळी आहेत."

"होती म्हण."

"हात्तिच्या!"

"हसू नकोस, वळण आलं."

"मग डोळे मिटा."

"वळणावर डोळे मिटतात होय? अगं, हा ड्रायव्हर बघ! चढ लागला तरी तिसऱ्या गिअरवरच रेटतोय. इंजिन रडतंय बिचारं!"

"हळू बोला, ऐकेल तो."

"ऐकू दे! अहो ड्रायव्हर, दुसरा टाका, दुसरा!"

गिअर बदलला. बसची धडधड थांबली.

"कोण आहे तो शहाणा?" ड्रायव्हर ओरडला.

"मी!"

"अहो, तुम्हाला उतरायचं होतं तो थांबा मागे गेला."

"जाऊ दे. पुढे आणखी चढ आहे."

"दोन केळी वाचलीत. खाता?"

"दे. आणि ऊठ, ड्रायव्हरमागची सीट रिकामी झालीय. इथून मला नीट दिसत नाही."