अकरा दिवसांचे हात

नई, नई, मीटर कुठं पळून जात नाही भाऊ, भिंतीला ठोकलेलं शे ते — फोटो काढा, मोबाईलमध्ये काय भरायचं ते भरा, कोण नाही म्हणतं — पण आधी दोन मिनिटं बठा. त्या पाटावर बठा. अन तुमचे हात दाखवा. अहो दाखवा की, मी काही भविष्य सांगायला बसले नाही! हां… मऊ आहेत. शाळा शिकलेल्या माणसाचे हात. बोटाला हे पांढरं काय? चुना? म्हणजे तंबाखू मळता. मान काय हलवता, दिसतंय की मला. मळा बापा, मी काय तुमची माय आहे रागवायला? — पण आता धुवा. मोरीत साबण आहे. एकदा नको, दोनदा धुवा. इकडचे नाहीत ना तुम्ही? नगरकडचे? बोलण्यावरून वाटलंच, म्हणून तर मी आमची अहिराणी सोडून शाळेतली मराठी बोलतेय तुमच्याशी. धुवा, धुवा, नखात पण चोळा.

आता या खोक्यात बघा. बुटांचं खोकं आहे, खाली गरम पाण्याची बाटली ठेवलीय फडक्यात गुंडाळून. बघितलं? एवढूसं मांजरीचं पिल्लू आहे. डोळे परवा उघडले त्याचे. माय त्याची गेली — समोरच्या रस्त्यावर मिरचीच्या पोत्यांचा टेम्पो आला अन झालं, तिला रस्ता ओलांडायची भारी घाई. तीन पिल्लं होती, दोन त्याच रात्री गारठून गेली, हे एक राहिलं. मी दिलं म्हशीचं दूध. घरात पिल्लू आलं तर दूधच देतात ना माणसं? दोन दिवस गटागटा प्यायलं अन तिसऱ्या दिवसापासून पोट असं ढोलकं. बोटानं दाबून बघा — नको, नको, दाबू नका! आज तीन दिवस झाले, शी नाही. काल जनावरांच्या दवाखान्यात नेलं पिशवीत घालून, तर डॉक्टर म्हणाले बाई, म्हशीचं दूध आधी बंद करा, शेळीचं द्या, पाणी घालून, अन एवढ्या लहान पिल्लाला स्वतःहून शी होतच नाही. मला तर नवलच वाटलं. त्याची माय चाटते शेपटीखाली, चाटून चाटून करवते, तेव्हा होते. आता माय नाही तर तुम्ही चाटा म्हणाले — हसता काय, ते पण हसले — म्हणजे कोमट पाण्यात कापूस बुडवायचा, पिळायचा, पोटावरून खाली अन शेपटीखाली हलकं हलकं पुसत राहायचं. उद्यापर्यंत झालं तर वाचेल म्हणाले, नाही तर अवघड आहे. उद्यापर्यंत म्हणजे आजच ना भाऊ.

मीच का नाही करत? माझी नजर कमी झालीय. हात पण थरथरतात. कापूस नीट धरता येत नाही मला. — शेजारची रूपलीबाई? ती कामाला गेली, या गल्लीतल्या सगळ्या बाया कामाला गेल्यात, पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, देठं खुडायला. आत्ता तर हंगाम आहे. येताना बघितली नाही का लाल जमीन, जिकडे तिकडे मिरची वाळत घातलेली? शिंका आल्या असतील तुम्हाला. मी? मी नाही गेले. अकरा दिवस झाले, गेले नाही. मुकादम दोनदा बोलावून गेला, तरी नाही. माझे हात काय बघता असे? थरथरत नाहीत म्हणता? … बरं. नाही थरथरत. तुम्ही लई बारीक बघता हो, मीटर वाचून वाचून सवय झाली वाटतं.

ऐका मग. तीस वर्षं देठं खुडली या हातांनी. मिरचीची आग काय असते ते तुम्हाला नाही कळायचं. संध्याकाळी घरी येऊन ताकात हात बुडवून बसायचं, तेल चोळायचं, तरी झोपेत चुकून डोळ्याला बोट लागलं की उठून बसायचं. लोक म्हणतात तीन-चार दिवस काम बंद केलं की जाते. म्हणतात! तीस वर्षं मुरलेली जाते का चार दिवसांत? माझ्या मुलीला, स्वप्नालीला, मुलगा झाला — अकरा दिवस झाले — तिकडे प्रकाशा गावाला, तिच्या सासरी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं ना भाऊ? सगळ्यांच्या लेकींचं होतं. हिचं नाही झालं. जावई म्हणाले, आत्या, तुमच्याकडे हवेत मिरचीचा ठसका, बाळाला सोसायचा नाही. खोटं काय बोलले? खरंच बोलले. तर ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी मी काम टाकलं. उद्या बारसं आहे. बारा वाजताची शहाद्याची गाडी धरायची, ती प्रकाशावरूनच जाते, बाळंतविडा बांधून ठेवलाय, ती बघा पिशवी — झबली, टोपडी, एक दुलई मी हातानं शिवलीय, घरात बसून, याच अकरा दिवसांत. सगळं तयार आहे. हातांचं तेवढं कळत नाही. उद्या बाया म्हणतील, आजी, घाला नातवाला पाळण्यात. मग मी काय करू? रोज बोट जिभेला लावून बघते, डोळ्याला लावून बघते — काही होत नाही. पण माझ्या डोळ्याला काय कळणार हो! तो तीस वर्षांचा निर्ढावलेला.

म्हणून काल… खरं सांगू? कुणाला सांगू नका. काल दवाखान्यातून आले, पाणी कोमट केलं, अन पिल्लाला हात लावला तो त्याच्यासाठी नाही लावला. माझ्यासाठी लावला. म्हटलं, बघू या. कोवळं कातडं आहे, लागलं तर याला लागेल, नातवाला तर नाही. असं मनात आलं माझ्या. शेपटीखाली कापूस लावला मात्र, जे किंचाळलं भाऊ, जे किंचाळलं! एवढ्याशा जिवातून एवढा आवाज! मी हातातलं टाकून दिलं अन मोरीत जाऊन साबण घासत बसले. तेव्हापासून हात नाही लावला त्याला. दूध पण चमच्यानं लांबून पाजलं. अन फोन येतोय सकाळपासून, स्वप्नालीचा — ‘कवय येस व माय?’, कधी येतेस म्हणून — अन मी सांगते, अगं, मांजरीचं पिल्लू आजारी आहे, त्याला सोडून कशी येऊ. तिनं फोन ठेवून दिला. का नाही ठेवणार? मांजरासाठी नातवाचं बारसं सोडते माय!

तिला ठाऊक नाही. तिला काय आठवणार, चार महिन्यांची होती. मी पथारीवरून आले, तर ही रडतेय, पोट फुगलेलं, दोन दिवस शी नाही झालेली. मी हात धुतले, देवाशपथ धुतले, हिंग उगाळला अन बेंबीभोवती लावला. तर ही अशीच किंचाळली. सासूनं माझ्या मांडीवरून ओढून घेतली — ‘तुन्हा हातले आग शे, पोरले हात लावू नको!’ अन झालं. त्या दिवसापासून न्हाऊमाखू सासू, भरवणं सासू, वेणी सासू. मी अंगावर पाजायची तेवढी, ते पण पदरात हात गुंडाळून. गप्प झाली का सासूकडे गेल्यावर? कुठली गप्प, तिच्या मांडीवर पण दोन दिवस रडतच होती — पण ते कोण बघतंय, आग तर माझ्याच हातांची ठरली ना. पुढे मोठी झाली तरी घाबरली की आजीकडेच पळायची. असो. पाणी निवतंय, कापूस घ्या. डाव्या हातात धरा, उताणं, डोकं वर. हलकं. पोटावरून खाली. मांजरीची जीभ कशी असते, तसं. हां, आता शेपटीखाली —

अरे देवा. ओरडलं! सोडू नका, सोडू नका भाऊ, धरा! पुसत राहा! ओरडू दे — थांबा, ओरडलं ना हे? तुमच्या हातात ओरडलं? कालच्यासारखंच? हो हो, कालच्यासारखंच, तसूभर कमी नाही! तुमच्या हाताला तर मिरची नाही. दोनदा धुतले तुम्ही, माझ्यासमोर धुतले. मग कशानं ओरडलं? पोटानं! पोट दुखतंय त्याचं, तिथं हात लागला म्हणून ओरडलं. बाई ग! काल पण पोटानंच ओरडलं असणार, माझ्या हातांनी नाही — पुसा, पुसा, थांबू नका — आलं! आलं बघा! हरभऱ्याएवढा खडा, त्याच्यामागे अजून, अरे बापरे, अजून — तुमच्या पँटवर गेलं? जाऊ द्या, मी धुऊन देते, या हातांनी धुऊन देते! बघा पोट कसं उतरलं. बघा कसं गप्प झालं. जांभई देतंय लबाड. वाचलं हो. अन मी उद्या जाणार. नातवाला पाळण्यात मीच घालणार, कुणी म्हणो न म्हणो, याला पण नेते पिशवीत घालून, अन स्वप्नालीला सांगते, अगं, नुसतं पोट दुखत होतं त्याचं, पोट फुगलं होतं म्हणून —

…

पोट तर तिचंही फुगलं होतं.

दोन दिवस रडत होती सासूच्या मांडीवर. मीच सांगितलं ना आत्ता तुम्हाला? माझ्याच तोंडानं सांगितलं. सव्वीस वर्षं मला ठाऊक होतं ते, भाऊ, अन मी पदरात हात गुंडाळून…

नई. काही नाही. पाणी नको मला. तुमचं मीटर राहिलं, दारामागे आहे, काढा फोटो अन जा, उशीर झाला तुम्हाला. मोरीत हात धुऊन घ्या. मी? मी नाही धुवत आता. अन पिल्लू त्या खोक्यात नका ठेवू. इकडे द्या. माझ्या हातात द्या. जाताना दार ओढून घ्या.