वच्छीचा रोवणा

रेशनच्या कार्डावरून मेलेल्या बायकोचं नाव कमी करायला लटारू गोंडपिपरीच्या कचेरीत आला होता. साहेब अजून यायचे होते. ओट्यावर त्याच्या बाजूला एक बाई आठ वर्षांच्या पोरीला घेऊन बसली होती आणि खांबापलीकडे तिच्याशी काडीमोड झालेला नवरा, मुखरू.

"यंदा पोरीचा धान काऊन नाई धाडला?"

"पंचाईनं काय ठरवलं होतं, सायत्रे? पोरगी मजुरीनं धान लावाले, रोवण्याले जाईपरेंत बापानं धान द्यावा. गेली ना ती औंदा रोवण्याले?"

"एकच दिवस! मी तापानं पडली होती. घरात दाना नव्हता, म्हून माह्या जागी गेली."

"गेली तं गेली. कमावती झाली."

"दुधाचे दात पडून राह्यले तिचे, आन् कमावती? गोऱ्ह्यालेबी दोनदाती झाल्याबिगर जुपत नाई कोनी!"

"ते साहेबाले सांग."

"सांगतोच. त्याच्यासाठीच आली."

"मीबी सांगतो. साऱ्या गावानं पाह्यलं तिले धानाच्या बांधीत."

"बा, मले रोवणा येत नाई."

"तू गप, वच्छे," मुखरू म्हणाला.

"खरंच, बा. माही ओळ वाकडी झाली होती. बायांनी सारी उपटून फिरून लावली. विचार पाह्यजे तं. मले काईच येत नाई."

मुखरूनं पहिल्यांदाच पोरीकडं पाहिलं.

"वाकडी का होईना, रोवली ना?"