सासूबाई आणि लाल फुटवे

...अहो, हसता काय? तुमची सासू तुमच्याच ओळीत कामाला आली असती ना, म्हणजे कळलं असतं! केनियातल्या या नैवाशात एवढी गुलाबाची पॉलीहाउसं, आणि आमच्या मुकादम जेरोनोबाईंनी नव्या बाईला घालावं कुठे? तर माझ्या हाताखाली! 'मकोखा, बारा वर्षं काढलीस इथे, हिला शिकव. तीन महिने बघू, जमलं तर ठेवू.' बघतो तर... सासूबाई! झटकन मान खाली घातली. आम्हा बुकुसू जमातीत सासूसमोर मान वर करायची नाही, तिच्याशी बोलायचं नाही. रीत म्हणजे रीत!

आता न बोलता शिकवायचं कसं, सांगा? मग मी झाडाशी बोलायला लागलो. तिच्याकडे पाठ करून, मोठ्यांदा. 'गुलाबा, शेंड्याची मधली कळी ठेवायची, बगलेतल्या खुडायच्या, बरं का!' की मागून सासूबाई, 'गुलाबा, जावईबापूंना सांग, समजलं!' सगळ्या बाया पोट धरून हसायच्या.

तर त्या दिवशी खुंटाचे कोंब काढायचे होते. तुम्हाला सांगतो, गुलाब म्हणजे रानटी खुंटावर भरलेला डोळा. जोडाच्या खालून फुटतो तो रानटी, आयतं खाणारा, तो मोडायचा. पण जोडाच्या वरून जाडजूड लालबुंद फुटवा येतो ना, त्याला हात लावायचा नाही! पुढची फुलं सगळी त्याच्या जिवावर. हे सगळं सांगायचं होतं हो! पण तेवढ्यात सासूबाई बघायला वाकल्या त्या अगदी माझ्या खांद्याशी... मी 'गुलाबा, बुडातून येईल ते मोडायचं!' एवढंच ओरडलो आणि पळालो. रीत म्हणजे रीत!

दुपारी येऊन बघतो तर अख्ख्या ओळीचे लाल फुटवे जमिनीवर! सासूबाईंनी एक म्हणून सोडला नव्हता.

'कुणी शिकवलं हे?' जेरोनोबाई कडाडल्या. आणि मी... सांगतानाही कान तापतात हो... मी आपल्या बुटांकडे बघत राहिलो. सासूबाई म्हणाल्या, 'कुणी नाही. माझंच चुकलं.' तिथल्या तिथे घरी पाठवलं त्यांना. माझी काय, मान खालीच होती!

घरी बायको, 'आईला काढलं म्हणे! तुम्ही तिथेच होता ना?' मक्याच्या उगालीचा घास तोंडातल्या तोंडात फिरतोय, आणि मी काय म्हणालो? 'होतो गं, पण सासूसमोर बोलता येतं का? रीत म्हणजे रीत!' असं म्हणालो मी! शी!

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ओळीत वाकलो तर मोडल्या जागेच्या खाली, पण जोडाच्या वरच, डोळे फुगलेले, लाल लाल टोकं बाहेर! मला तिथे उभं राहवेना. गेलो आणि जेरोनोबाईंपुढे सगळं ओकलो. 'आठ दिवस तोंड कुठे ठेवलं होतंस रे?' म्हणाल्या. आणि तिथल्या तिथे सासूबाईंना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई हजर. माझ्याच ओळीत! फुगलेल्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणतात, 'गुलाबा, फुटायला आठ दिवस लागले होय तुला? असू दे. आमच्या जावईबापूंनाही तेवढेच लागले.'

बाया हसल्या. मी नाही हसलो.

आता लोक म्हणतात, मकोखा सासूसमोर मान वर करत नाही, रीत पाळावी तर त्यानं! अहो, कसली रीत घेऊन बसलात... उद्या रीत उठली ना, तरी ही मान वर व्हायची नाही!