हिच्या नव्या सायकलवरचा ओरखडा

तर तुम्हाला सांगतो, या डोळ्यांतून ओरखडा सुटत नाही. चाळीस वर्षं गॅरेजात गाड्यांना रंग मारलाय मी. वीस पावलांवरून सांगायचो, या दारावर कुणी चावी ओढलीय आणि तो पत्रा पहिल्यांदा रंगलाय की तिसऱ्यांदा. जुनी गाडी घेताना लोक मला मुद्दाम सोबत न्यायचे... तर असे हे डोळे घेऊन मी गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी दारात आलेली सायकल पुढून बघितली, मागून बघितली, गुडघ्यावर बसून खालून बघितली, पोचवणाऱ्या माणसाच्या कागदावर 'माल उत्तम' लिहून सही ठोकली, आणि तो जिना उतरतोय न उतरतोय तोच ही आतून आली, हाताला भांड्यांचा साबण, चष्मा कपाटावर, आणि म्हणाली, "अहो, हा ओरखडा कसला?"

वीतभर. बरोबर मधल्या दांड्यावर. गडद हिरव्या रंगातून आतला धातू डोकावत होता.

ओरखड्याचं मला काही नाही हो, असे हजार बुजवलेत. मला लागलं ते पुढचं. तिनं सायकलीभोवती एक फेरी मारली, पदराला हात पुसले आणि अगदी शांतपणे विचारलं, "कुणाची होती?"

कुणाची होती म्हणजे? सायकल नवी आहे हो. कोरी करकरीत.

पण हे मी बोलणार कुठल्या तोंडानं? लग्नानंतर पहिल्या वर्षी हिला नवं शिवणयंत्र आणलं. म्हणजे शिंप्यानं टाकून दिलेलं आणलं, काळं रंगवलं, वर सोनेरी वेल काढली, वेल मात्र झकास जमली होती. मग नवा फ्रिज. पांढराशुभ्र. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याची सालं निघायला लागली आणि आतून निळा फ्रिज बाहेर आला. मग नवी स्कूटर... ती घेऊन ही बाजारात थांबली असताना एक गृहस्थ जवळ आले, सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, हिचा क्लच अजून तसाच अडकतो का हो?" मी हसून हसून बेजार झालो होतो. हीसुद्धा हसली होती. थोडी उशिरा हसली, पण हसली.

म्हणून या खेपेला मी ठरवलं होतं. हिच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींनी डोंगरात चालवायच्या सायकली घेतल्या, जाड टायरच्या, आणि तळ्यामागच्या टेकडीवर कच्च्या वाटेनं जायला लागल्या. एकदा कुणाची तरी मागून ही चालवून आली. बासष्टावं चालू आहे हिचं. गुडघे मातीनं भरलेले, केस सुटलेले, आणि घरात आल्यावर एकटीच गालातल्या गालात हसत होती. मागितलं काही नाही. चाळीस वर्षांत मागितलंच नाही, मागून काय मिळतं ते ठाऊक होतं ना. मी म्हटलं, जन्मभर हिला रंगवलेलं दिलं, आता एक वस्तू अशी द्यायची जिला आपला ब्रश लागलेला नाही. एकच. आणि हिनं ती नवी म्हणून घ्यायची, बस.

बिल दाखवलं. तर म्हणते, "बिल शिवणयंत्राचंही होतं. तुमच्याच अक्षरात."

समोरच्या बिऱ्हाडातले चष्मेवाले काका डोकावले, आणि पहिलं वाक्य काय? "वा, जुन्यात चांगली मिळाली." अरे बाबा, सायकल नवी आहे. कोरी करकरीत.

लावला कंपनीला फोन. बटणं दाबून दाबून बोट दुखलं तेव्हा कुठं एक मुलगी बोलली. आवाज असा गोड की भांडणसुद्धा विरघळावं. "सर, तुमची गैरसोय मी समजू शकते. फोटो पाठवता का?" पाठवले. आता चकचकीत रंगावरच्या ओरखड्याचा फोटो काढून बघा तुम्ही! एका फोटोत माझं बनियन दिसतंय, एकात छताचा पंखा, एकात मीच वाकलेला, पोटासकट. ओरखडा गायब. मुलगी म्हणते, "सर, यात काही दिसत नाहीये."

दिसत नाही? थांब, दाखवतो. आमच्या गॅरेजात रीत होती, गाडी आली की आधी खडू घ्यायचा आणि प्रत्येक ओरखड्याभोवती गोल काढायचा, म्हणजे रंगवणाऱ्याच्या हातून एकही राहत नाही. हात आपोआप गेला हो. खडू मिळाला नाही, मार्कर मिळाला. आणि एकदा गोल काढायला बसलो की माझी नजर उघडते... पेडलजवळ एक, पुढच्या चाकाच्या चिमट्यावर दोन, सीटखाली नखाएवढा एक, असं करत सात निघाले. सात गोल. काळे. ऐटदार. फोटो पाठवून दिले आणि मग मार्करवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. मी सातवीत तीन वर्षं काढली, मास्तर बदलले पण मी हललो नाही, तरी तेवढं वाचता आलं. 'पुसला जात नाही.'

मुलीचा फोन. "सर, ओरखडा दिसला. पण हे काळे गोल आमच्याकडून झालेले नाहीत."

इकडे ही चहाचा कप घेऊन उभी. गोल मोजले तिनं. "सात," म्हणाली, "एकेका मालकाचा एकेक का?"

सायकल नवी आहे. कोरी करकरीत... पण माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला होता तुम्हाला सांगतो.

मग कंपनीनं काय करावं? तोडगा म्हणून रंगाची बाटली पाठवली. नखाला लावायच्या रंगाएवढी. सोबत चिठ्ठी, घरच्या घरी लावा, ओरखडा दिसणार नाही. मला. मला शिकवतायत. आणि छटाही चुकलेली, हिरव्यात निळा जास्त पडलेला. मी शपथ घेतली होती ब्रश लावायचा नाही. पण छटा नुसती बघायला काय हरकत आहे? बाटली उघडली. वर्तमानपत्रावर एक थेंब टाकला. त्यात किंचित पिवळा मिसळला की बरोबर बसेल असं वाटलं, पिवळा माझ्या जुन्या डब्यात होताच, तिथेच बारीक ब्रशही होता... आणि मी सायकलीसमोर मांडी घालून, तोंडात ब्रश धरून बसलेलो असताना दार उघडलं.

"चालू द्या," एवढंच म्हणाली ही. आणि रविवारी टेकडीवर मैत्रिणीची सायकल मागून घेऊन गेली. आपली दारात ठेवून.

ते मात्र लागलं. म्हणजे चेष्टा केली असती तर मी परत केली असती, पण ती नुसतीच निघून गेली.

सोमवारी फोन उचलला आणि त्या मुलीला म्हटलं, बाई, गोल माझे, कबूल. सहीही माझी, 'माल उत्तम' मीच लिहिलं, तेही कबूल. मला पैसे नकोत, बाटली नको. शिवणयंत्र, फ्रिज, स्कूटर, सगळं सांगितलं तिला. मी चाळीस वर्षं बायकोला फसवलंय आणि एकदाच खरं बोलतोय, तर तुमच्या ओरखड्यानं मला खोटं पाडलंय. तशी ती 'सर' सोडून एकदम म्हणाली, "काका, माझे बाबाही असेच आहेत. बदलून देते. पण हे कुणाला सांगू नका."

आणि दिली हो बदलून. नेमकी गुरुवारी. ही दोन दिवस बहिणीकडे गेलेली, चष्मेवाले काका दुपारचे झोपलेले. दोन माणसं आली, नवी खोक्यातून काढली, आधीची त्याच खोक्यात घालून खोक्यासकट घेऊन गेली, नवी ठेवून गेली. या वेळी मी बॅटरी घेतली, भिंग घेतलं, दीड तास बघितली. केसाएवढा चरा नाही. हात धुऊन लांब उभा राहिलो, बोटसुद्धा लावलं नाही. सायकल नवी. कोरी करकरीत.

काल संध्याकाळी ही आली. पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला. मी आपला खुर्चीत, लहान पोरासारखा, पाय हलवत. तिनं मधल्या दांड्यावरून बोट फिरवलं. पेडलजवळ वाकून बघितलं, चिमट्यावर, सीटखाली, सातही जागा बरोबर लक्षात होत्या तिच्या. मग उठली, हँडल धरलं, माझ्याकडे बघितलं... आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिच्या डोळ्यांत माझ्या कामाबद्दल कौतुक दिसलं मला. म्हणाली,

"काहीही म्हणा, या वेळी रंग मात्र छान मारलात."