आवाज आला होता, मग कापड कुठे गेलं?

मला सांगा, विश्वास ठेवायचा तरी कुणावर? सख्ख्या भावावर ठेवला तर तो आपल्याच शेजारी दुकान थाटतो, घाऊकवाल्यावर ठेवला तर तो दुय्यम माल पहिल्या प्रतीच्या कागदात गुंडाळून देतो. बरं, माणसं नकोत म्हणून आमच्या बोआतेमानं फोनवर विश्वास ठेवला, तर त्या फोननं काय करावं? तुम्हाला सांगतो, भर बाजाराच्या वेळी त्यानं तिचे सगळेच्या सगळे स्क्रीनशॉट गिळले आणि वर साळसूदपणे म्हणाला, 'इथे काहीही नाही.' काहीही नाही म्हणजे? काढला होता ना तिनं? दोन बटणं एकदम दाबली होती ना? आवाज आला होता हो... खटक्. मग?

मी शेजारचा भांडीवाला. कुमासीच्या या बाजारात माझ्या पातेल्यांची उतरंड आणि बोआतेमाच्या कापडांची चळत यांच्यामध्ये एक पत्रा आहे, तोही गंजका, त्यामुळे तिकडे कुणी शिंकलं की इकडे माझी झाकणं वाजतात. शाळा मी पाहिली ती बाहेरून. पातेल्यावर टिचकी मारायची, नाद खणखणीत आला तर माल चोख, एवढीच माझी विद्या. आणि फोनचा नाद खणखणीत होता, मी स्वतः पत्र्याआडून ऐकला होता, हेच तर माझं दुखणं आहे!

झालं काय, तर यिआडोम ड्रायव्हर वारला. भला माणूस, तीन गावांच्या बाजारकरणी त्याच्या लॉरीतून ये-जा करायच्या. आता त्याच्या अंत्यविधीला शनिवारी अख्खं घराणं एकाच कापडात उभं राहायला हवं, नाहीतर गाव म्हणणार, यांच्यात एकी नाही. आणि एकी तर नव्हतीच! एका बाजूला बायको-मुलं, दुसऱ्या बाजूला बहिणी नि भाचे. आमच्यात वारसा जातो भाच्यांकडे आणि रडायचं काम मुलांकडे, मग सूर जुळणार कसे? बोआतेमानं बसवाल्याबरोबर तीन नमुने गावी पाठवले. तिन्ही काळ्यावर गडद लाल, तिन्हींवर काहीतरी गोल-गोल. पण गोल आणि गोल यांत फरक असतो की नाही? एकावर चाकं, त्याला आमच्या बायका म्हणतात 'अजून एक फेरी'. दुसऱ्यावर ताटल्या, त्याचं नाव 'रिकामं ताट'. आणि तिसऱ्यावर कुलपाची भोकं, त्याचं नाव... सांगू का? 'भाचे आले, कुलूप घाला'.

कापडाला नाव गिरणीवाला देत नाही, आमच्या बाजारातल्या बायका देतात, आणि ही नावं पुरुषांना ठाऊक नसतात हे पुरुषांचं नशीब. पण अंत्यविधीला बायका येणारच ना? ती भोकं अंगावर नेसून भाचे मांडवात बसले असते तर खुर्च्या उडाल्या असत्या! तो नमुना गठ्ठ्यात गेलाच कसा, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, दादा, घाईत. झालं.

तिकडे घराण्यात दोन दिवस भांडण चाललं. शेवटी कुळाचे वडीलधारे अमोआटेंगआजोबा उठले, जमिनीवर दारूचे थेंब सोडले आणि पूर्वजांना सांगितलं, कापड ठरलं, विषय मिटला. आता एकदा पूर्वजांच्या कानावर घातलं की तो विषय पुन्हा काढायचा नाही; काढला तर भांडण पहिल्या ओळीपासून सुरू. मग आजोबांनी बोआतेमाला व्हिडिओ कॉल लावला, कापड समोर धरलं आणि बजावलं, "नीट घेऊन ठेव. परत विचारायला यायचं नाही."

"घेतलं, आजोबा," ती म्हणाली, आणि दाबली बटणं. आवाज आला. खटक्.

तुम्ही म्हणाल, डोळ्यांनी नाही का पाहिलं? अहो, दोन बटणं एकाच क्षणी दाबायची तर माणूस बटणांकडे बघेल की कापडाकडे? तुम्ही बघून दाखवा!

दुसऱ्या दिवशी घाऊकवाल्या बादूचा फोन आला. कुठलं कापड ते बाजार उठायच्या आत सांग, नाहीतर तुझे गठ्ठे गाडीत चढत नाहीत. तिकडे शिंपी कात्र्या परजून बसलेले. गाडी चुकली की शनिवारी घराणं रंगीबेरंगी उभं राहणार, आणि नंतर कुठलंही घराणं बोआतेमाच्या दारात पाऊल टाकणार नाही, आमच्या धंद्यात एवढं पुरतं. तिनं फोन उघडला. बोट वर, बोट खाली. पुतणीच्या बारशाचे फोटो आहेत, सुक्या माशांचे आहेत, स्वतःच्या अंगठ्याचे तर ढीगभर आहेत. स्क्रीनशॉट? एक नाही.

मग जमा झाले ना सल्लागार! समोरची कोनफळंवाली म्हणाली, बंद करून चालू कर. केला. परत बंद करून चालू कर, पहिल्या वेळी फोन मनापासून बंद होत नाही. केला. फोन इतका वेळ, घाम फुटेस्तोवर बंद-चालू केला की शेवटी तो चालू व्हायलाच नाही म्हणायला लागला. दुसरी म्हणाली, उन्हामुळे असेल, सावलीत धर. तिसरी म्हणाली, उपास धर. बोआतेमा आपली प्रत्येकीला एकच सांगतेय, "अगं पण आवाज आला होता." आणि मी पत्र्याआडून साक्ष देतोय, "आला होता, खटक्, मी ऐकलाय." साक्षीदार मिळाला, मुद्देमाल मिळेना!

शेवटी नेला फोन दुरुस्तीवाल्याकडे. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणतो. त्यानं फोन पालथा घातला, फुंकर मारली, दात घासायच्या ब्रशनं कडा घासल्या, कानाला लावला आणि म्हणाला, पोट भरलंय याचं. मग त्यानं पोट साफ केलं. कशाचं? तर सकाळच्या शुभेच्छांचं, पाद्रीबाबांच्या प्रवचनांचं आणि बोआतेमाच्या धाकट्या बहिणीच्या गाण्यांचं. फोन हलका झाला, बोआतेमाचं मन जड झालं, आणि स्क्रीनशॉट? कुठाय?

"आवाज आला होता का नक्की?" डॉक्टर.

"आला होता."

"मग फोटो आहे. पण इथे नाही." आणि तो स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, हे खातं कुणाचं आहे?"

खातं? खातं फ्रिम्पॉन्गचं! फ्रिम्पॉन्ग म्हणजे तिच्या बहिणीचा मुलगा, हॅम्बुर्गला माशांच्या गोदामात असतो. त्यानंच हा फोन पाठवला, वापरलेला, पण पेटीत घालून. आता परदेशातून आलेल्या फोनला आमच्याकडे कुणी हात लावतो का? पाठवणाऱ्यानं जसा दिला तसा वापरायचा, त्याच्या नावाचं खातं काढून आपलं घालायचं म्हणजे त्याच्या उपकारावर पाणी टाकल्यासारखं. अर्ध्या बाजाराचे फोन असेच चालतात, हॅम्बुर्गच्या नाहीतर मिलानच्या भाच्याच्या नावावर, मान म्हणून!

लावला हॅम्बुर्गला फोन. फ्रिम्पॉन्ग गोदामात, मागे पंख्यांचा घरघराट.

"मावशी, ती कापडं तुमची होती?" तो म्हणाला. "मला वाटलं, फोनला रोग लागलाय. रोज माझ्या फोनात बायकांची कापडं येऊन पडतात, आणि घरी हिचा प्रश्न, ही कोण? मी रोज रात्री पुसून टाकतो."

तो तिकडे पुसतो, इकडे पुसलं जातं! एकच खातं, दोन फोन, मध्ये समुद्र, आणि तो ओलांडून जात होते फक्त स्क्रीनशॉट. बोआतेमा जमिनीवरच बसली. तिला रडू येईना, ओरडू येईना, नुसती म्हणाली, बाळा, कालचं तेवढं शोध. तो म्हणाला, कचऱ्याच्या डब्यात असेल, थांबा, हातमोजे काढतो. अहो, त्यानं हातमोजे काढेपर्यंत इकडे आमचा जीव जातोय आणि बादूचा ड्रायव्हर तिकडे गाडीला दोर बांधतोय!

आणि आला! फोन थरथरला, फोटो आला, सगळा बाजार वाकला. डॉक्टरनं बोट लावून मोठा केला.

तुम्हाला सांगतो... फोटोत बोआतेमा होती.

पूर्ण स्क्रीनभर बोआतेमा! तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, बटणं शोधतेय. बटणं दाबण्याच्या झटापटीत तिचा स्वतःचा चेहरा मोठा झाला होता आणि आजोबा गेले होते कोपऱ्यात, नखाएवढे. त्या नखात एक अंगठा, अंगठ्यामागे काहीतरी काळं-लाल, त्यावर काहीतरी गोल. चाक? ताटली? भोक? कोनफळंवाली म्हणाली चाक, डॉक्टर म्हणाला ठिपका, तिसरी म्हणाली, ते आजोबांचं बटण आहे. मोठं करावं तर सगळे चौकोन!

आता उरलं काय? आजोबांना विचारणं. पूर्वजांना सांगून मिटवलेला विषय काढणं. बोआतेमानं माझ्याकडे पाहिलं, मी पातेल्याकडे पाहिलं. तिनं लावला फोन.

"आजोबा, ते कापड..."

"हो, तेच," आजोबा म्हणाले.

"तेच म्हणजे... कुठलं?"

आजोबा फोन घेऊन अंगणात गेले असावेत. मागे कोंबडी ओरडली. मग आजोबा आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, तू काढला होतास ना फोटो? आवाज मलासुद्धा आला होता."

"आला होता, आजोबा."

"मग तुझ्याकडेच बघ. इथे पोरांनी तिन्ही तुकडे पुन्हा एका पिशवीत कोंबले. कुठलं ठरलं ते मला आठवेना, आणि विचारलं तर हे पुन्हा पेटतील." मग म्हणाले, "तू आणशील ते आम्ही ठरवलेलं."

झालं! कुळाचा निकाल आता कापडवालीच्या पदरात. भोकं तिनं पहिल्याच झटक्यात बाद केली. ताटल्या? मेलेल्या माणसाच्या घरी रिकामं ताट, नको. माणूस ड्रायव्हर, चाकं पाठव, मी म्हणालो. तिनं बादूला सांगितलं, 'अजून एक फेरी', आणि फोन असा ठेवला जसा विंचू ठेवतात.

शनिवारी घराणं एका कापडात उभं राहिलं, आणि असं देखणं की बस! मोठा भाचा माझ्या कानात म्हणाला, हे आम्ही निवडलं, मुलांचं काही चालू दिलं नाही. थोरला मुलगा दुसऱ्या कानात म्हणाला, आम्ही अडून बसलो म्हणून हे मिळालं. आजोबांनी मांडवात उभं राहून सांगितलं की दोन दिवस खोल विचार करून आम्ही या कापडावर आलो. बोआतेमा मान डोलावत होती. आणि मग विधवा बाई तिच्यापाशी आल्या, पदर दोन बोटांत धरून उजेडात नेला आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण लाल जरा गडद आलंय. नमुन्यात फिकं होतं. तुझ्याकडे फोटो असेलच, काढून बघ ना."

बोआतेमा म्हणाली, "हो काकू, बघते." दुसरं काय म्हणणार?

तर मंडळी, हा किस्सा पुढे सांगाल तेव्हा निदान तुम्ही तरी हिशेब खरा ठेवा. चाकं म्हणालो मी, पण बादूला सांगायची जोखीम तिची; निवड तिची एकटीची लिहा, तिच्या नावावर. आणि रंगाची तक्रार लिहा माझ्या नावावर, शेजारी आहे, एवढं तर करावंच लागतं.